सुसंगत नसू शकते

सकाळी दहाला इतवारीतलं शटर वर केलं,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं,
नव्या मशीनला हात जोडून बटन दाबलं.
मधोमध पांढरी पाटी आली:
‘हा प्रोग्राम या प्रणालीशी सुसंगत नसू शकतो.’

नसू शकतो.
म्हणजे असूही शकतो.
काय चालणार नाही, कधी अडणार, कुणाला विचारायचं,
काही नाही.
खाली एकच बटन: ठीक आहे.

टेबलासमोर देवानंद हेडाऊ, डोकं ताजं भादरलेलं.
दुर्योधनजींची तेरवी रविवारी, पत्रिका चारपर्यंत पाहिजे.
‘ताई, आईची फाइल आहेच ना तुमच्याजवळ,
तशीच द्या, फक्त नाव बदलवून.’
बारा वर्षांपूर्वी मीच केली होती ती.
उघडली.
टोपी घातलेले ए, शेपटीवाले सी,
उलटं प्रश्नचिन्ह, मध्येच एक पाउंड,
आणि यमुनाबाईंचा काळ्या चौकटीतला फोटो,
तो तेवढा शाबूत.
देवानंद म्हणाला, ‘हे काय होऊन राहिलं?’

कंपनीला फोन लावला.
‘मॅडम, ती फक्त सूचना आहे.’
कशाची?
‘ते सांगता येणार नाही. बंद करून चालू करा.’
केलं. पाटी पुन्हा आली,
या वेळी थोडी डावीकडे.

दुपारी लोकचंद बावणे आला, कूलरच्या मागे वाकला,
हात ओला करून बाहेर काढला.
‘बाई, पंपाचा पंखा झिजला.
शनिवारपर्यंत ओढल.
मग पाणी वर चढणार नाही, नुसती गरम हवा फेकल.
दोनशे ऐंशीचा येतो नवा.’
पंचेचाळीस डिग्रीत मी त्याच्याकडे बघत राहिले.
याला म्हणतात सांगणं.
कोणता भाग, कुठवर चालेल, पुढे काय होईल, किती लागतील.
कागदावर छापून भिंतीला लावावं असं.

माझ्या पिशवीत धंतोलीचा एक रिपोर्ट आहे,
परवापासून. पिवळं पाकीट, आत दीड पान,
शेवटी ओळ:
‘लक्षणांशी ताडून पाहावे.’
काल रात्री मधूचा पुण्याहून फोन आला.
‘ताई, आवाज असा काऊन येऊन राहिला तुझा?’
मी म्हटलं, काही नाही, असंच.
तो म्हणाला, ठीक आहे.

जुना कळफलक डोळ्यांना आठवत नव्हता,
बोटांना होता.
शेपटीवाला सी म्हणजे इथे च,
उलट्या प्रश्नचिन्हाखाली काना दडलेला.
एकेक अक्षर कचऱ्यातून उचलून
नव्या फॉन्टमध्ये ठेवत गेले.
देवानंद बाजूला स्टुलावर,
बापाचं नाव हळूहळू उमटताना बघत.

शेवटून दुसऱ्या ओळीत थांबले.
‘शोकाकूल’. कू दीर्घ.
माझीच चूक.
पाचशे प्रती वाटल्या होत्या तेव्हा,
घराघरात गेल्या,
बारा वर्षांत कुणी एक शब्द बोललं नाही.
मशीनही नाही.
त्याला दाखवलं. तो वाकून बघत राहिला.
‘आईच्या वेळी असंच होतं का?’
हो.
‘मग बापूच्या वेळी बरोबर करा.’

चारला दहा कमी असताना प्रिंट निघाली.
तो गेला. शाईचा वास, घशात धूळ,
कूलर अजून थंड हवा फेकतोय, शनिवारपर्यंत फेकल.
पाकीट काढलं, मधूला फोन लावला.

‘ऐक. डावीकडे. सव्वा सेंटिमीटर.
गुरुवारी अकराला डॉक्टरीणबाईंनी सुई लावून तपासायला बोलावलंय.
निकाल पाच दिवसांनी.
पैसे आहेत. माणूस पाहिजे सोबत.’

पलीकडे बराच वेळ काही नव्हतं.
मग बोटांनी स्क्रीन सरकवल्यासारखा आवाज,
मग तो म्हणाला,
‘मंगळवारच्या गाडीत जागा मिळल बहुतेक.’